विश्लेषण : बेसबॉलपटूच्या टोपीवर बायबलचे वचन का? अमेरिकी मैदानावरील श्रद्धा, अपयश आणि वाद...

लॉस एंजलिस डॉजर्सचा महान पिचर क्लेटन कर्शॉ २०२५च्या हंगामाअखेर निवृत्त झाला. त्याच हंगामात संघाच्या इंद्रधनुषी टोपीवर बायबलमधील वचनाचा क्रमांक लिहिल्यामुळे तो वादातही सापडला. बेसबॉल आणि ख्रिस्ती श्रद्धा यांचे अमेरिकेतील नाते जवळपास दीडशे वर्षांचे आहे. हे नाते इतके घट्ट का, त्यातून खेळाडू नेमके काय शिकतात आणि त्याचा पेच कधी होतो, याविषयी...

टोपीवर काय लिहिले होते?

१३ जून २०२५ रोजी डॉजर्सच्या मैदानावर ‘प्राइड नाइट’ होती. समलिंगी, तृतीयपंथी आदी समुदायांच्या सन्मानार्थ होणाऱ्या या सामन्यासाठी डॉजर्सच्या टोपीवरील ‘एलए’ ही अक्षरे इंद्रधनुष्याच्या रंगांत होती. कर्शॉने टोपी घातली, पण अक्षरांच्या शेजारी हाताने ‘उत्पत्ति ९:१२-१६’ असे लिहिले. बायबलच्या पहिल्या पुस्तकातील हा भाग नोहाच्या काळातील जलप्रलयानंतरचा आहे. पृथ्वी पुन्हा प्रलयाने नष्ट करणार नाही, असा करार देवाने सर्व सजीवांशी केला आणि त्याची खूण म्हणून आकाशात धनुष्य ठेवले, असे त्यात सांगितले आहे.

इंद्रधनुष्य मुळात देवाच्या कराराची खूण आहे, एवढेच कर्शॉने नम्रपणे आठवून दिले, असे त्याच्या पाठीराख्यांचे म्हणणे. ज्यांच्या सन्मानाचा दिवस, त्यांच्याच चिन्हावर त्याच दिवशी दुसरा हक्क सांगणे हा अपमान आहे, असे टीकाकारांचे म्हणणे. गंमत अशी की, ज्या ओळींवरून हे भांडण झाले त्या ओळींमधला करार ‘सर्व सजीवांशी’ आहे. त्यातून कोणालाच वगळलेले नाही.

हा वाद पहिलाच आहे का?

नाही. जून २०२२ मध्ये टॅम्पा बे रेज संघाच्या पाच पिचरनी इंद्रधनुषी चिन्ह टोपीवर आणि बाहीवर लावण्यास नकार दिला. श्रद्धेमुळे हा निर्णय घेतल्याचे त्यांच्यापैकी जेसन ॲडमने सांगितले. मैदानावर सर्वांचे स्वागतच आहे, असेही तो म्हणाला. पुढच्या वर्षी डॉजर्समध्ये मोठा गोंधळ झाला. ख्रिस्ती साध्वींच्या वेशात विडंबन करणाऱ्या ‘सिस्टर्स ऑफ परपेच्युअल इंडल्जन्स’ या गटाला ‘प्राइड नाइट’मध्ये गौरवण्याचे क्लबने ठरवले, कॅथलिक संघटना संतापताच निमंत्रण मागे घेतले आणि दुसऱ्या बाजूने टीका होताच काही दिवसांत माफी मागून पुन्हा दिले. आपला विरोध समलिंगी समुदायाला नसून कोणाच्याही धर्माची टर उडवण्याला आहे, अशी भूमिका कर्शॉने घेतली. करोनाकाळापासून बंद असलेला ‘ख्रिश्चन फेथ अँड फॅमिली डे’ पुन्हा सुरू व्हावा यासाठी त्याने क्लबकडे पाठपुरावा केला. ३० जुलै २०२३ रोजी तो साजरा झाला.

हे दोन्ही दिवस क्लबच्या एकाच विपणन विभागाच्या वेळापत्रकात असतात. जूनमध्ये इंद्रधनुषी टोप्या विकायच्या आणि जुलैमध्ये चर्चच्या गटांना सवलतीची तिकिटे. श्रद्धा असो वा अस्मिता, १६२ सामन्यांच्या हंगामात रिकाम्या खुर्च्या भरणे ही क्लबची पहिली गरज असते, हे या वादात सहसा कोणी बोलून दाखवत नाही. खेळाडूंना अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून गणवेश आणि टोप्यांवर अशी चिन्हे नकोत, असे आपण संघांना सुचवल्याचे मेजर लीगचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी २०२३ मध्ये सांगितले. डॉजर्सने मात्र टोपी कायम ठेवली. टेक्सास रेंजर्स हा ३० संघांपैकी एकच संघ असा की जो ‘प्राइड नाइट’ ठेवतच नाही.

श्रद्धेचे नाते आले कुठून?

रविवारवरून झालेल्या भांडणातून. १८७६ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल लीगने सुरुवातीला रविवारच्या सामन्यांना बंदी घातली होती. रविवार हा प्रार्थनेचा आणि विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी तिकीट लावून खेळ करणे प्रॉटेस्टंट अमेरिकेला मान्य नव्हते. पण आठवड्याचे सहा दिवस कारखान्यात राबणाऱ्या कामगाराला सुट्टी असायची ती रविवारीच. त्यामुळे एका शहरात रविवारी सामने, तर दुसऱ्या शहरात पोलिसांची धाड, असे दशकानुदशके चालले. न्यूयॉर्कने १९१९ मध्ये परवानगी दिली. फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्ग येथे कायदेशीर रविवार उजाडायला १९३४ साल लागले.

याच काळात बिली संडे हा खेळाडू गाजला. (आडनाव खरेच ‘संडे’ होते.) १८८३ मध्ये तो शिकागोच्या संघात आला. फलंदाजी बेताची, धावणे मात्र विजेसारखे. शिकागोतील एका मिशनमध्ये त्याचे मन पालटले, त्याने रविवारी खेळणे सोडले आणि १८९१ मध्ये बेसबॉलच्या भरघोस पगारावर पाणी सोडून तो ‘वायएमसीए’च्या तुटपुंज्या नोकरीत गेला. पुढे तो अमेरिकेतील सर्वांत लोकप्रिय धर्मोपदेशकांपैकी एक ठरला. व्यासपीठावर तो धावायचा, खुर्च्या उचलायचा, बेसवर झेप घ्यावी तसा घसरत जायचा आणि पापाला ‘आउट’ द्यायचा. बेसबॉलच्या भाषेत प्रवचन करण्याची जी पद्धत आज अमेरिकी चर्चमध्ये सर्रास दिसते, ती त्याने रुळवली.

रविवारी सामने रुळले तेव्हा उलटा प्रश्न आला. खेळाडूने चर्चमध्ये जायचे कधी? सहा महिने जवळपास रोज सामना, त्यातले निम्मे परगावी. चर्चला जाता येत नसेल तर चर्चच मैदानावर आणावे, या विचारातून डेट्रॉइटचे क्रीडा पत्रकार वॉटसन स्पोल्स्ट्रा यांनी १९७३ मध्ये ‘बेसबॉल चॅपेल’ सुरू केले. तत्कालीन आयुक्त बोवी कून यांनी त्याला मान्यता दिली. आज मेजर आणि मायनर लीगमध्ये रविवारी सामन्याआधी छोटी प्रार्थनासभा होते. कधी व्यायामाच्या खोलीत, कधी एखाद्या रिकाम्या दालनात. लॅटिन अमेरिकेतून आलेल्या खेळाडूंसाठी ती स्पॅनिशमध्येही असते. मायनर लीगमधला एकोणीस-वीस वर्षांचा डोमिनिकन मुलगा, परकी भाषा, बसचे रात्रीचे प्रवास, कधीही घरी पाठवले जाण्याची भीती. त्याला या सभेत निदान आपल्या भाषेत बोलणारे कोणी भेटते. श्रद्धेचा हा भाग वृत्तवाहिन्यांवर दिसत नाही, पण खेळाडूंच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

पण बेसबॉलच का?

कारण या खेळात अपयश रोजचे आहे आणि ते मोजले जाते. दर दहा संधींत तीन वेळा ‘हिट’ मिळवणारा बॅटर उत्तम समजला जातो. म्हणजे उत्तम माणूस दहापैकी सात वेळा हात हलवत परततो. संपूर्ण हंगामात दहापैकी चार वेळा यशस्वी ठरलेला अमेरिकन किंवा नॅशनल लीगमधला शेवटचा बॅटर टेड विल्यम्स, तेही १९४१ मध्ये. क्रिकेटमध्ये झेल सुटला तर समालोचक हळहळतात, पण धावफलकावर त्याची नोंद राहत नाही. बेसबॉलमध्ये ‘एरर’ हा स्वतंत्र रकाना असतो आणि चूक खेळाडूच्या नावावर कायमची लागते. बॅटरने स्वतः बाद होऊन सहकाऱ्याला पुढच्या बेसवर सरकवले तर नियमपुस्तकातच त्याला ‘सॅक्रिफाइस’ म्हणतात आणि ते त्याच्या सरासरीत धरले जात नाही. चूक, त्याग, घरी सुखरूप परतणे... प्रवचनकारांना शब्द शोधावे लागत नाहीत.

कर्शॉचेच पाहा. तीन साय यंग पुरस्कार, तीन हजारांहून अधिक स्ट्राइकआउट. तरीही ‘मोठ्या सामन्यात कोसळणारा’ हा शिक्का त्याच्यावर अनेक वर्षे होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये वॉशिंग्टनविरुद्धच्या निर्णायक सामन्यात आठव्या इनिंगमध्ये ३-१ अशी आघाडी असताना त्याच्या लागोपाठच्या दोन चेंडूंवर दोन होमरन गेले आणि पुढे डॉजर्स हरले. लोक माझ्याबद्दल जे म्हणतात ते आज खरेच आहे, अशा आशयाची कबुली त्याने सामन्यानंतर दिली. देवाची काहीतरी योजना असेल, असे म्हणून वेळ मारून नेणे त्याला सहज शक्य होते. त्याने ते केले नाही.

विजयानंतर आकाशाकडे बोट दाखवणे सोपे असते. हरणाऱ्या संघातही प्रार्थना करणारे असतातच. त्यामुळे ‘देवाने जिंकवले’ ही साक्ष फारशी टिकत नाही. पराभवानंतरच्या साक्षी अधिक ऐकण्याजोग्या आहेत, आणि अधिक अवघडही. पनामाचा मारियानो रिवेरा हा यँकीजचा श्रद्धाळू पिचर. कारकीर्दीत ६५२ ‘सेव्ह’, म्हणजे आघाडी राखून सामना संपवण्याची कामगिरी. २००१च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात मात्र नवव्या इनिंगमधली आघाडी त्याच्या हातून निसटली आणि यँकीजचे विजेतेपद गेले. विजयाची मिरवणूक होणार नव्हती, म्हणून सहकारी एन्रिके विल्सनने डोमिनिकन रिपब्लिकला परतण्याचे तिकीट आधीचे घेतले. त्याचे मूळ तिकीट १२ नोव्हेंबरच्या विमानाचे होते. ते विमान न्यूयॉर्कमध्ये कोसळले. आपण हरलो याचा आनंद आहे कारण त्यामुळे माझा मित्र वाचला, असे रिवेरा नंतर म्हणाला.

गोष्ट हृदयस्पर्शी आहे आणि अमेरिकी चर्चमध्ये ती आवडीने सांगितली जाते. मात्र त्या विमानातील सर्व २६० जण मृत्युमुखी पडले, हे सांगताना आवाज खाली येतो. एका मित्राच्या वाचण्यात देवाचा हात पाहायचा, तर उरलेल्यांचे काय? रिवेराने कृतज्ञता व्यक्त केली तिथवर ठीक. त्याचा सिद्धांत करायला गेले की गणित चुकते.

‘कमबॅक’ झालाच नाही तर?

सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचा पिचर डेव्ह ड्रावेकी याच्या डाव्या दंडात, म्हणजे चेंडू टाकायच्या हातातच, १९८८ मध्ये कर्करोगाची गाठ निघाली. स्नायूचा मोठा भाग कापावा लागला. तो पुन्हा खेळणार नाही, असे डॉक्टरांना वाटत होते. १० ऑगस्ट १९८९ रोजी तो मैदानात उतरला आणि सिनसिनाटीविरुद्ध जिंकला. प्रेक्षक उभे राहिले, साऱ्या देशाने ‘चमत्कार’ म्हटले. पाच दिवसांनी मॉन्ट्रियलमध्ये चेंडू टाकताना त्याचे हाड मोडले. कर्करोग परतला आणि १९९१ मध्ये संपूर्ण हात काढावा लागला.

प्रेरणादायी व्याख्यानांत ही कथा १० ऑगस्टलाच संपवण्याचा मोह होतो. ड्रावेकीने तसे केले नाही. तो आणि त्याची पत्नी नंतरच्या नैराश्याबद्दल, रागाबद्दल आणि देवाविषयी पडलेल्या प्रश्नांबद्दल उघडपणे बोलले, गंभीर आजाराशी झुंजणाऱ्यांसाठी त्यांनी काम उभे केले. श्रद्धा असलेल्या माणसाला नैराश्य येत नाही, हा समज मोडणे हे त्याच्या १४ विजयांच्या हंगामापेक्षा मोठे काम म्हणावे लागेल.

जॉश हॅमिल्टनचे उदाहरण याहून कठीण. १९९९च्या निवडीत पहिल्या क्रमांकावर घेतलेला हा मुलगा अमली पदार्थांच्या आहारी गेला, श्रद्धेच्या आधाराने सावरला आणि २०१० मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या वर्षी टेक्सासच्या सहकाऱ्यांनी विजयानंतर शॅम्पेनऐवजी जिंजर एल उडवली, कारण हॅमिल्टनलाही जल्लोषात उभे राहता यावे. पुढे मात्र तो पुन्हा घसरला, २०१२ मध्ये आणि २०१५ मध्येही. व्यसनमुक्ती ही एकदा घडणारी घटना नाही, हे व्यसनाशी झगडलेल्या कोणत्याही घरात माहीत असते. त्याला ‘देवाने बरे केलेला माणूस’ म्हणून व्यासपीठावर उभे करणाऱ्यांनी याचा विचार केला होता का, हा प्रश्न राहतोच. जिंजर एलची ती बाटली मात्र कोणत्याही प्रवचनापेक्षा जास्त बोलते.

अशी साक्ष आपल्याकडेही अलीकडेच ऐकू आली. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या विश्वचषक उपांत्य सामन्यात नाबाद १२७ धावा केल्यावर मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने येशूचे आभार मानले आणि स्पर्धेत आपण चिंतेने किती ग्रासलो होतो, किती वेळा रडलो, हेही सांगितले. समाजमाध्यमांवर काहींना त्यातला केवळ धर्म दिसला.

श्रद्धेने मैदान बदलले का?

एकदा तरी नक्कीच. ब्रुकलिन डॉजर्सचे अध्यक्ष ब्रँच रिकी हे कर्मठ मेथडिस्ट. आईला दिलेल्या शब्दामुळे ते रविवारी मैदानावर जात नसत. (रविवारच्या तिकिटांचे पैसे मात्र क्लब घेतो, असे टीकाकार चिमटा काढत.) २८ ऑगस्ट १९४५ रोजी त्यांनी जॅकी रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला बोलावले, त्याला मैदानावर काय काय ऐकावे लागेल याचा स्वतः शिव्या देत अभिनय करून दाखवला आणि ज्योव्हानी पपिनी यांच्या ख्रिस्तचरित्रातील दुसरा गाल पुढे करण्याविषयीचा भाग समोर ठेवला. रॉबिन्सनही मेथडिस्टच. १५ एप्रिल १९४७ रोजी ते ब्रुकलिनकडून मैदानात उतरले आणि मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत पडली.

रिकी यांचा हेतू निव्वळ धार्मिक होता का? तसे म्हणता येत नाही. कृष्णवर्णीय खेळाडूंत गुणवत्तेची खाण आहे आणि ती आधी हाती लागली तर विजेतेपद मिळेल, हे त्यांना दिसत होते. रॉबिन्सन ज्या कन्सास सिटी मोनार्क्सकडून खेळत, त्या क्लबला त्यांनी मोबदल्याचा एक पैसाही दिला नाही. दुसरा गाल पुढे करण्याची किंमतही रिकींनी नव्हे, रॉबिन्सन यांनी मोजली. दुसरीकडे, बायबल घरोघरी वाचले जाणाऱ्या दक्षिणेतूनच त्यांना सर्वाधिक विरोध झाला. एकाच ग्रंथातून माणसे काय काय वाचतात!

कामाठीपुऱ्याशी काय संबंध?

आर. ए. डिकी या पिचरच्या उजव्या कोपरात जन्मतःच एक महत्त्वाचा अस्थिबंध नव्हता. १९९६ मध्ये तपासणीत हे कळताच टेक्सास रेंजर्सने आठ लाख १० हजार डॉलरचा देकार ७५ हजारांवर आणला. वेग गेल्यावर त्याने ‘नकलबॉल’, म्हणजे जवळजवळ न फिरता हवेत डुलत जाणारा संथ चेंडू, शिकायला घेतला. २००६ मधल्या अशा पहिल्याच सामन्यात त्याला सहा होमरन बसले आणि तो पुन्हा मायनर लीगमध्ये गेला. लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराविषयी त्याने २०१२च्या आत्मचरित्रात लिहिले. त्याच वर्षी जानेवारीत त्याने मुंबईच्या कामाठीपुऱ्यात मानवी तस्करीविरोधात काम करणाऱ्या ‘बॉम्बे टीन चॅलेंज’साठी किलिमांजारो चढून निधी उभारला. दुखापत झाल्यास ४२ लाख ५० हजार डॉलरचा करार रद्द होऊ शकेल, असा इशारा त्याच्या न्यूयॉर्क मेट्स क्लबने दिला होता. त्या हंगामात त्याने २० सामने जिंकले आणि साय यंग पुरस्कार मिळवणारा तो पहिला नकलबॉल पिचर ठरला. जानेवारी २०१३ मध्ये तो मुलींना घेऊन मुंबईत आला, तेव्हा इथे त्याला ओळखणारे फारसे कोणी नव्हते.

मग पेच कुठे आहे?

ड्रेसिंग रूममध्ये. प्रार्थनासभा ऐच्छिक असते, पण संघातील बहुतेक जण आत जात असताना बाहेर बसणाऱ्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते. सप्टेंबर २००५ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सच्या रायन चर्चने चॅपेलच्या स्वयंसेवकाला विचारले की, येशूला न मानणाऱ्या ज्यू लोकांचा सर्वनाश अटळ आहे का? स्वयंसेवकाने मान डोलावली. हे छापून येताच शहरातील ज्यू धर्मगुरूंनी निषेध केला, खेळाडूने माफी मागितली, स्वयंसेवकाला दूर करण्यात आले. ज्या खेळात १९६५ मध्ये सँडी कूफॅक्सने योम किप्पूर या ज्यू पवित्र दिवसासाठी वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना सोडला आणि देशाने त्याचा आदर केला, त्याच खेळात हे घडले.

आणि दुसरी बाजू. मेजर लीगमध्ये खेळत असताना आपण समलिंगी असल्याचे जाहीरपणे सांगणारा खेळाडू आजवर झालेला नाही. बिली बीन १९८७ ते १९९५ या काळात डेट्रॉइट, डॉजर्स आणि सॅन डिएगोकडून खेळले. जोडीदाराच्या मृत्यूनंतर ओळख उघड होईल या भीतीने ते त्याच्या अंत्यविधीलाही गेले नाहीत. निवृत्तीनंतर, १९९९ मध्ये त्यांनी मौन सोडले. पुढे मेजर लीगनेच त्यांना समावेशनाच्या कामासाठी नेमले.

मार्च २०१५ मध्ये बीन मेट्सच्या सराव शिबिरात गेले होते. तेव्हा संघातील धर्मनिष्ठ ख्रिस्ती खेळाडू डॅनियल मर्फी पत्रकारांना म्हणाला की, त्यांची जीवनशैली मला पटत नाही, पण म्हणून मी त्यांच्याशी संबंध तोडणार नाही. या विधानावर देशभर टीका झाली. बीन यांनी मात्र मेजर लीगच्या संकेतस्थळावर लेख लिहून मर्फीच्या प्रामाणिकपणाचे कौतुक केले आणि आपण स्वतःला स्वीकारायला इतकी वर्षे घेतली, तर मर्फीलाही वेळ द्यायला हवा, असे म्हटले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मर्फीने बाद फेरीच्या सलग सहा सामन्यांत होमरन मारून विक्रम केला. बीन यांचे ऑगस्ट २०२४ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले, तेव्हा ते मेजर लीगमध्ये वरिष्ठ उपाध्यक्ष होते.